डागांची ट्यूब आणि थांबायची तारीख

संध्याकाळी सात-साडेसातला, ऑफिसं सुटली की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एक वाक्य हमखास येतं. “भाभी, वो दाग वाली ट्यूब देना, छोटी वाली.” चिठ्ठी मागितली तर कुणाची घरी राहिलेली असते, कुणाची हरवलेली, आणि कुणी नुसतं हसून म्हणतं, “अरे, आप तो जानते हो.” इंदूरला सुदामा नगरात बावीस वर्षं मी हे दुकान सांभाळते आहे. हिंदीत विचारणाऱ्यांना हिंदीत आणि रामबाग, लोकमान्य नगराकडून येणाऱ्या आपल्या काकू-मावश्यांना मराठीत जे उभ्या उभ्या सांगते, ते इथे जरा निवांत लिहिते. चेहऱ्यावरच्या वांगासाठी, म्हणजे तपकिरी डागांसाठी, डॉक्टरांनी ज्यांना पहिल्यांदाच ट्यूब लिहून दिली आहे, त्यांच्यासाठी.

आधी माझीच चूक सांगते. दुकान नवं होतं तेव्हा माझ्या जाऊबाईंना अशी ट्यूब मी स्वतःच्या हाताने दिली, चिठ्ठीशिवाय. दुसऱ्या बाळंतपणानंतर त्यांच्या दोन्ही गालांवर तपकिरी पट्टे उमटले होते. तीन आठवड्यांत चेहरा असा उजळला की सासूबाईंनी सगळ्या नात्यात कौतुक केलं. एक ट्यूब संपली की जाऊबाई दुसरी न्यायच्या, घरचंच दुकान. ट्यूब सुरू केल्याच्या आठव्या महिन्यात त्यांच्या गालांवर लाल, बारीक जाळी दिसायला लागली. हनुवटीवर पुटकुळ्या, वरच्या ओठावर लव वाढलेली, आणि गॅससमोर उभं राहिलं की चेहरा पेटल्यासारखा. ट्यूब बंद केली की लाली आणखी वाढे, परत लावली की दोन दिवस बरं वाटे. त्यातून बाहेर यायला वर्षाहून जास्त लागलं, आणि डाग होते तिथे परत आलेच. ट्यूब खराब नव्हती. ती कधी बाद होणार ते खोक्यावर छापलेलं होतं. लावणं कधी थांबवायचं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि ते सांगायचं काम माझं होतं.

ट्यूबमध्ये असतं तरी काय

वांगासाठी आपल्याकडे जी ट्यूब सर्रास लिहिली जाते तिच्यात तीन औषधं एकत्र असतात. पहिलं हायड्रोक्विनोन. त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशींमधलं टायरोसिनेज नावाचं एन्झाइम ते अडवतं, म्हणजे नवा रंग कमी बनतो. दुसरं ट्रेटिनॉइन, जीवनसत्त्व ‘अ’च्या कुळातलं. त्याने वरचा थर लवकर गळतो, जुना रंग त्याच्याबरोबर जातो आणि हायड्रोक्विनोनला आत शिरायला वाट मिळते. या दोघांनी चेहरा चुरचुरतो, लाल होतो, म्हणून ती जळजळ दाबायला तिसरं, स्टेरॉइड. ही तिघांची मोट १९७५ मध्ये अमेरिकेत क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने बांधली. पुढे प्रमाणं आणि स्टेरॉइड बदलत गेलं, कल्पना तीच राहिली.

बाजारात मुख्यतः दोन घडणी दिसतात. एकीत हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के आणि मोमेटासोन ०.१ टक्के. दुसरीत हायड्रोक्विनोन ४ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०५ टक्के आणि फ्लुओसिनोलोन ०.०१ टक्के. आकडे पाहून पहिली सौम्य वाटते. पण तिच्यातलं मोमेटासोन हे दुसरीतल्या फ्लुओसिनोलोनपेक्षा जोरकस स्टेरॉइड आहे, आणि चेहऱ्याची कातडी पातळ. म्हणून शेजारणीची ट्यूब आणि तुमची ट्यूब एकच समजू नका, दोघींच्या खोक्यांचा रंग सारखा असला तरी. दुसऱ्या घडणीला अमेरिकेत २००२ मध्ये परवानगी मिळाली ती आठ आठवड्यांपर्यंतच्या वापरासाठी, आणि उन्हापासून जपण्याच्या अटीवर. हे आठ आठवडे ध्यानात ठेवा.

घटकांच्या यादीत स्टेरॉइड ओळखायची माझी एक ढोबळ खूण आहे. नावाचा शेवट सोन, सोल किंवा लोन असा असेल तर सावध व्हा: मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन. बुरशीच्या बऱ्याच औषधांच्या शेवटी ‘कोनाझोल’ येतं, ते वेगळं. गजकर्णासाठी क्लोबेटासोल, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र कालवलेल्या ट्यूबा मिळतात. त्या गोरं व्हायला म्हणून चेहऱ्यावर लावणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत आणि तेव्हा माझा आवाज चढतो, हे कबूल करते.

आधी डाग कोणता ते ठरू द्या

वांग बहुधा दोन्ही बाजूंना सारखं येतं: गालांची हाडं, कपाळ, नाक, वरचा ओठ. तपकिरी, नकाशासारख्या कडा, खाज नाही, आग नाही. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, ऊन, घराण्यातली प्रवृत्ती ही त्याची नेहमीची कारणं. पण चेहऱ्यावरचा प्रत्येक काळा डाग वांग नसतो. केसांना काळा कलप लावणाऱ्यांच्या कपाळाच्या कडेला आणि कानशिलांवर काळपटपणा येतो तो बऱ्याचदा कलपातल्या रसायनाच्या अ‍ॅलर्जीचा असतो. तिथे कलप बंद केल्याशिवाय कुठलीही ट्यूब उपयोगाची नाही. सुगंधी तेल, अत्तर, कुंकू यांनीही असंच होऊ शकतं. शिबं ही बुरशी आहे, स्टेरॉइडने ती दबल्यासारखी दिसते आणि पसरते.

टिकलीखाली पांढरा डाग पडला असेल तर गोष्ट अगदीच उलटी. काही टिकल्यांच्या डिंकातलं रसायन रंग बनवणाऱ्या पेशीच मारतं. त्या पांढऱ्या डागाभोवतीचा भाग काळा दिसतो म्हणून तिथे रंग घालवणारी ट्यूब लावली तर आगीत तेल. एका मावशींना मी हे समजावलं तर म्हणाल्या, “मग टिकली लावू नको म्हणतेस?” चिकटणारी नको, एवढंच म्हणाले. महिनाभर ओल्या कुंकवावर काढा, तेही त्रास देत नसेल तर.

तेव्हा पहिली पायरी त्वचारोगतज्ज्ञ. खासगी दवाखाना परवडत नसेल तर सरकारी एमवाय हॉस्पिटलची त्वचेची ओपीडी आहे, रांगेची तयारी ठेवून सकाळी लवकर जा. जाताना चेहऱ्याला काही लावू नका आणि एका पिशवीत घरातलं सगळं घ्या: क्रीम, कलपाचं पाकीट, केसांचं तेल, पार्लरवालीने दिलेली बिनलेबलची डबी, चालू असलेल्या गोळ्या. बिनलेबलच्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडलेला आहे आणि पाऱ्याने मूत्रपिंड बिघडतं, त्यामुळे ती डबी डॉक्टरांना दाखवायला लाजू नका.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगायच्या गोष्टी: दिवस गेले आहेत का, राहण्याचा विचार आहे का, अंगावर पाजताय का, गर्भनिरोधक गोळी, थायरॉइड, आणि दमा. दम्याचं विशेष सांगते, कारण अशा काही ट्यूबांत टिकाऊपणासाठी सल्फाइट असतं आणि काही दमेकऱ्यांना ते सोसत नाही. गरोदरपणात ही ट्यूब नकोच. हायड्रोक्विनोन त्वचेतून बऱ्याच प्रमाणात रक्तात उतरतं, आणि ट्रेटिनॉइनच्या कुळाला तर त्या काळात लांबच ठेवतात. बाळंतपणानंतर काही महिन्यांत डाग आपोआप फिकटतातही. माझ्या जाऊबाईंचेही फिकटले असते कदाचित, आम्ही वाट पाहिली असती तर.

आणि उठण्याआधी एक प्रश्न विचारा, “कोणत्या तारखेला थांबू?” “किती दिवस” असं विचारलं तर “लावत राहा, मग दाखवा” असं उत्तर येऊ शकतं. तारीख विचारली की तारीख मिळते. ती चिठ्ठीवरच लिहून घ्या.

दुकानात

खोकं हातात घ्या आणि उजेडात धरा. डाव्या कडेला उभी लाल रेघ आणि चिठ्ठीशिवाय विकू नये अशी चौकट दिसली पाहिजे. स्टेरॉइडची मलमं पूर्वी या नियमातून सुटायची. मार्च २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत, पक्की आणली. तरीही ती सहज मिळतात, हे आमच्याच धंद्याचं पाप आहे.

चिठ्ठीवरच्या तीन नावांशी आणि टक्क्यांशी खोक्यावरची नावं जुळवा. “ही कंपनी नाही, पण सेम आहे” असं दुकानदार म्हणाला तर त्यालाच दोन्हींची नावं मोठ्याने वाचायला सांगा. राग येणार नाही, आला तर येऊ दे. एकच ट्यूब घ्या, सर्वांत लहान. बिल घ्या, त्यावर बॅच नंबर असतो. नंतर चेहऱ्यावर काही उठलं तर डॉक्टर तोच विचारतील.

आता खिशातून पेन काढा आणि खोक्यावर दोन तारखा लिहा, सुरू केल्याची आणि थांबायची. आमच्या काउंटरवर यासाठी काळा मार्कर दोरीने बांधून ठेवला आहे. दोनदा चोरीला गेला.

घरी आणल्यावर ट्यूब खोक्यावर लिहिलेल्या तापमानात ठेवा. मे महिन्यात स्कूटीच्या डिक्कीत ठेवलेली ट्यूब संध्याकाळी गरम चहासारखी निघते. हायड्रोक्विनोन हवा, ऊन आणि उष्णतेने तपकिरी होतं. बाहेर येणारं मलम तसं गडद दिसलं तर तारीख शिल्लक असूनही टाकून द्या.

पहिल्या रात्रीच्या आधीची रात्र

थेट चेहऱ्यावर नको. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे, तांदळाच्या दाण्याएवढं मलम लावा आणि चोवीस तास पाहा. किंचित गुलाबी झालं तर चालतं. खाज, फोड, सूज आली तर डॉक्टरांना फोन.

रोजची रात्र

झोपायच्या निदान अर्धा तास आधी. लगेच उशीवर डोकं टेकलं तर औषध उशीच्या अभ्र्याला लागतं आणि तिथून डोळ्याला. साध्या, फेस न करणाऱ्या फेसवॉशने चेहरा धुवा, टॉवेलने टिपून घ्या, घासू नका. मग दहा-पंधरा मिनिटं थांबा, चेहरा पूर्ण कोरडा होऊ दे. ओल्या त्वचेवर ट्रेटिनॉइन जास्त चुरचुरतं. एवढ्यात उद्याचे पोहे निवडून होतात.

किती घ्यायचं, इथे सगळे चुकतात. ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढली तर ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. तुमच्या दोन गालांवरचे पट्टे दोन तळव्यांएवढे नसतात. म्हणजे अर्धं पेर, पाव ग्रॅम, बास. आता हिशोब करा: पंधरा ग्रॅमची ट्यूब रोज पाव ग्रॅमने साठ रात्री जाते, आठ आठवड्यांचे छप्पन्न दिवस धरले तरी तळाला थोडी उरते. तीन आठवड्यांत जिची ट्यूब संपते ती जवळजवळ तिप्पट लावते आहे. मी ग्राहक परत कधी आली यावरूनच ओळखते, चेहरा पाहायची गरज पडत नाही.

ते अर्धं पेर दोन्ही गालांवर चार-पाच ठिपक्यांत ठेवा आणि डागावर, त्याच्या कडेबाहेर जेमतेम बोटभर रुंदीपर्यंत, हलक्या हाताने पसरवा. पांढरा थर दिसता कामा नये. पूर्ण चेहऱ्याला क्रीमसारखं लावू नका, ज्या भागाला डागच नाही त्याला शिक्षा कशाला. पापण्या, डोळ्यांखालचा भाग, नाकपुड्यांचे कोपरे, ओठांचे कोपरे सोडा. तिथे मलम साचतं आणि पहिली आग तिथेच होते. डोळ्याजवळ स्टेरॉइड सतत गेलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो. खरचटलेलं असेल ती जागाही सोडा. लावून झालं की हात साबणाने धुवा. लहान मूल कुशीत झोपत असेल तर त्याचा गाल तुमच्या गालाला लागणार नाही असं बघा.

एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लावायचं नाही. आणि दिवसा तर लावायचीच नाही, ट्रेटिनॉइन उजेडात निकामी होतं.

पहिल्या दोन आठवड्यांत थोडी साल सुटेल, चेहरा ताणल्यासारखा वाटेल, लाली येईल. बऱ्याच जणी इथेच घाबरून सोडतात, किंवा उलट “काम करतंय” म्हणून जास्त लावतात. डॉक्टरांना विचारून एक रात्र आड करता येतं, किंवा आधी साधं मॉइश्चरायझर आणि वर ट्यूब. फरक साधारण चौथ्या आठवड्याच्या आसपास जाणवतो. तो मोजायला आरसा कामाचा नाही, रोज बघून काही कळत नाही. दर पंधरा दिवसांनी, सकाळी, एकाच खिडकीपाशी, फोनच्या मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढा. समोरचा कॅमेरा सगळ्यांनाच गोरं करतो.

या दोन महिन्यांत बंद ठेवायचं: चेहऱ्याचं वॅक्सिंग, ब्लीच, फेशियल, स्क्रब, लिंबू. ट्रेटिनॉइन चालू असताना वॅक्स केलं तर पट्टीबरोबर कातडीच निघते, हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. बेसन-हळद-दह्याचं उटणंही तेवढे दिवस राहू दे. मुरुमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, हायड्रोक्विनोनबरोबर त्याने त्वचेवर तात्पुरता तपकिरी रंग चढतो आणि माणूस हबकतो.

दिवसाचं काम रात्रीपेक्षा मोठं

कर्कवृत्त आपल्या उत्तरेला, उज्जैनच्या थोडं पुढून जातं. इंदूरचं ऊन म्हणजे काय ते मे महिन्यात दुपारी छप्पन दुकानला उभं राहून कळतं. सनस्क्रीन न लावता ही ट्यूब लावणं म्हणजे एका हाताने उपसायचं आणि दुसऱ्या हाताने ओतायचं. नवीन त्वचा उन्हाला जास्त नाजूक असते, त्यामुळे डाग आधीपेक्षा गडद होऊ शकतात.

एसपीएफ ३० किंवा जास्त, यूव्हीए आणि यूव्हीबी ही उन्हातली दोन्ही किरणं अडवणारं सनस्क्रीन घ्या. दोन बोटांवर पूर्ण लांबीच्या दोन रेघा, एवढं चेहरा आणि मानेला लागतं. वाटाण्याएवढं लावून ३० नंबरचा फायदा मिळत नाही. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर वांग नुसत्या यूव्हीने नाही, साध्या दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतं, म्हणून त्वचेच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड घातलेलं सनस्क्रीन मिळालं तर तेच घ्या. त्याचा रंगच ढाल असतो. घरात खिडकीशी बसूनही लावा, काचेतून यूव्हीए येतो. पावसाळ्यातही लावा.

स्कूटीवर बांधायचा दुपट्टा हा इंदूरच्या मुलींचा गणवेश आहे आणि चांगली सवय आहे. पण पातळ, विरळ विणीच्या सुती दुपट्ट्यातून ऊन गाळून येतं. घट्ट विणीचा, गडद रंगाचा बांधा, खाली सनस्क्रीन असू द्या, आणि रोज धुवा, नाहीतर घामाने पुटकुळ्या उठतात. गॅसच्या धगीनेही वांग चाळवतं असं डॉक्टर सांगतात. पोळ्या करताना एक्झॉस्ट चालू ठेवा, किंवा दोन महिने पोळ्या दुसऱ्या कुणीतरी करा, हा इलाज मी पुष्कळ घरांत सुचवला आहे, एकाच घरात मानला गेला.

आणि रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक. राजवाड्यासमोर गाड्यांवरून गुलाल आणि रंगीत पाण्याचे फवारे उडतात तेव्हा कोण घरी बसतं? पण साल सुटत असलेल्या चेहऱ्यावर तो रंग झोंबतो आणि आत बसतो. जायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून आधीच्या तीन-चार रात्री ट्यूब लावू नका, निघताना भरपूर मॉइश्चरायझर, त्यावर सनस्क्रीन, आणि आल्यावर रंग काढायला रॉकेल-लिंबू-डाळीचं पीठ असले प्रयोग न करता नुसतं पाणी आणि सौम्य फेसवॉश. गुलाबी गाल घेऊन दोन दिवस ऑफिसला गेलं तर काही बिघडत नाही.

कधी लगेच थांबायचं

चुरचुर आणि भाजणं यातला फरक ओळखा. थोडी चुरचुर ट्यूब लावल्यावर काही वेळाने शमते. भाजणं दुसऱ्या दिवशी दुपारीही असतं, पाणी लागलं तरी झोंबतं. तसं झालं, फोड किंवा सूज आली, तर ट्यूब बंद करून डॉक्टरांकडे. श्वास लागला तर वाट न पाहता हॉस्पिटल.

काही चिन्हं गुपचूप येतात. गालांवर बारीक लाल धागे, उन्हात गेलं की चेहरा तांबडालाल, एकाएकी मुरुमं, वाढलेली लव, कातडी कागदासारखी चकचकीत. हा स्टेरॉइडचा हिशोब आहे. त्वचारोगतज्ज्ञांनी याला नाव दिलंय, स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा, आणि त्यांच्या देशव्यापी संघटनेने याविरुद्ध मोहीमही चालवली आहे. दुसरं चिन्ह जास्त फसवं: डाग फिकट व्हायचं सोडून निळसर-राखाडी, काळपट व्हायला लागतात, विशेषतः गालांच्या हाडांवर. हायड्रोक्विनोन महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लावल्याने क्वचित असं होतं, त्याला ऑक्रोनोसिस म्हणतात. बाईला वाटतं वांग वाढलं, म्हणून ती आणखी लावते. ते घालवणं फार अवघड.

जे आधीच कितीतरी महिने लावत आहेत त्यांच्यासाठी: हे वाचून आज रात्री एकदम फेकून देऊ नका. लांबलेलं स्टेरॉइड एकाएकी सोडलं की चेहरा उसळतो, जाऊबाईंचा उसळला तसा. ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा, ते पायरीपायरीने उतरवतात. लाली आली म्हणून स्वतःच परत सुरू करणं हा तो खड्डा आहे ज्यात बहुतेक जणी पडतात.

तारीख आली की

डाग पूर्ण गेले नसले तरी थांबा आणि दाखवायला जा. वांग बरं होण्यापेक्षा आटोक्यात राहण्याचा आजार आहे, हे आधीच कळलेलं बरं. ऊन लागलं की ते परत डोकावतं. पुढे डॉक्टर बहुधा स्टेरॉइड नसलेलं काही देतात, अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड किंवा कोजिक अ‍ॅसिडसारखं, आणि सनस्क्रीन तर कायमचंच. काहींना ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडच्या गोळ्या देतात. “गोळीने जातं म्हणे, तीच द्या ना” असं विचारणाऱ्या येतात. ती रक्त गोठायला मदत करणारी गोळी आहे. पायात रक्ताची गाठ झालेली असेल, गर्भनिरोधक गोळी चालू असेल, तर ती धोक्याची ठरू शकते. काउंटरवरून मागू नका, मी देणारही नाही.

आणि उरलेली ट्यूब. भिशीत ती एका पर्समधून दुसऱ्या पर्समध्ये जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. गेल्या महिन्यात एक काकू थांबायची तारीख लिहिलेलं खोकं घेऊन आल्या, तारीख पाळली म्हणून खूष. “गाल छान झाले गं,” म्हणाल्या, “अजून पाव ट्यूब आहे. ह्यांची मान मागून काळी पडलीय, मखमलीसारखी, घासून घासून जात नाही. तिथे संपवून टाकू का?”

ट्यूब मी त्यांच्याकडून घेतली, पिळून कागदात गुंडाळली आणि केराच्या डब्यात टाकली. म्हटलं, काकांना उद्या सकाळी काही न खाता साखर तपासायला पाठवा. मान अशी जाड आणि काळी होते तेव्हा कारण बऱ्याचदा रक्तात असतं.